भिंतीस चढविलेले कातडे

अमुक शहरी स्फोट झाला व इतकी माणसे दगावली, असे वृत्तपत्रात वाचले की आपल्या डोळ्यांपुढे आगीचा एक प्रचंड लोळ उभा राहतो आणि त्या लोळातच ती सर्व माणसे गेली, अशी आपली समजूत होते. वस्तुस्थिती बरीच निराळी आहे. स्फोटाच्या अगदी निकट असलेल्या मनुष्याची गोष्ट सोडली, तर काही अंतरावर असलेला मनुष्य बहुधा आपल्याच घराच्या भिंतीने आणि आपल्याच खिडकीच्या काचेने जायबंदी होतो. हवेचा दाब एका सेकंदाच्या काही सहस्रांश भागात वाढतो, भिंतीवर आदळतो आणि ज्या विटांनी वा ठोकळ्यांनी वर्षानुवर्षे ऊनपाऊस अडविला, तेच ठोकळे तोफेच्या गोळ्यांसारखे खोलीत शिरतात. ज्या आडोशावर आपण भिस्त ठेवली तोच वैरी होतो.

या विषयाशी शेतकरी कुटुंबांच्या साप्ताहिकाचा काय संबंध, असा प्रश्न वाचकांच्या मनात येईल हे आम्ही जाणतो. संबंध आहे तो असा. आमच्या धर्मग्रामातील एक तरुण आखाती देशांत नोकरीस आहे. पाण्याच्या टाक्यांना व इमारतींच्या गच्च्यांना आतून-बाहेरून लेप फवारण्याचे काम तो अनेक वर्षे करीत आला. पुढे त्याच्या मालकाने त्यास भिंतींवर लेप देण्याच्या एका नव्या कामावर धाडले. आणि त्या कामाच्या नावात ‘स्फोट’ हा शब्द होता. गावात बातमी पोचली ती मात्र “पोरगा बाँबच्या कामाला लागला” अशी. त्याची आई एका सायंकाळी आमच्याकडे आली आणि पदराशी चाळा करीत म्हणाली, “फादर, त्याचा पैसा घरात घ्यावा का? पाप तर नाही ना लागणार?”

न जाणता उत्तर देणे आम्हांस प्रशस्त वाटले नाही. “मावशी, आधी तो काय करतो ते आम्हांस कळू द्या,” असे सांगून आम्ही त्या माउलीस निरोप दिला. सेमिनरीत आम्हांस तत्त्वज्ञान पुष्कळ शिकविले गेले, रसायनशास्त्र बेताचेच. तेव्हा तो तरुण रजेवर आला असता दोन सायंकाळी ओसरीवर बसून आम्ही त्याच्याकडून सर्व ऐकून घेतले, आणि पुढे काही ग्रंथ व लेख मिळवून वाचले. जे समजले ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

या लेपाची कहाणी मुख्यतः अमेरिकेची आहे. १९ एप्रिल १९९५ रोजी ओक्लाहोमा शहरात एका सरकारी कचेरीपुढे स्फोटकांनी भरलेला ट्रक उडविण्यात आला. १६८ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत १९ बालके होती, कारण त्याच इमारतीत एक बालसंगोपनगृह होते. पुढल्या वर्षी, २५ जून १९९६ रोजी, सौदी अरबस्तानात धाहरानजवळील खोबर टॉवर्स या निवासी इमारतींपुढे तसाच एक ट्रक उडाला आणि अमेरिकन हवाई दलाचे १९ सैनिक ठार झाले. घायाळांची संख्या शेकड्यांनी होती, आणि काचांचे व भिंतींचे तुकडे हेच त्यांच्या जखमांचे मोठे कारण ठरले. साऱ्या जगातील इमारती पाडून नव्याने बांधणे तर शक्य नव्हते. मग उभ्या भिंतीलाच काही करता येईल काय, हा प्रश्न पुढे आला.

फ्लोरिडातील टिंडाल हवाई तळावरील संशोधकांनी या प्रश्नाचा शोध जेथे घेतला ती जागा मोठी मौजेची आहे. अमेरिकेत शेतकऱ्यांपाशी लहान मालमोटारी असतात. त्यांच्या हौद्याला ओरखडे पडू नयेत व गंज चढू नये म्हणून आतून एक चिवट लेप फवारण्याची तेथे चाल आहे. तो लेप भिंतीवर दिला तर? बाजारात मिळणारे सुमारे वीस पदार्थ तपासण्यात आले. ताकद, आगीपुढील वागणूक आणि किंमत या तिन्हींचा मेळ पाहून अखेर पॉलियुरिया नावाच्या पॉलिमरची निवड झाली. सिमेंटच्या पोकळ ठोकळ्यांच्या भिंती उभारून, काहींना लेप देऊन व काही तशाच कोऱ्या ठेवून, त्यांच्यापुढे स्फोट करण्यात आले. कोऱ्या भिंतीचे तुकडे आत उडाले. लेप दिलेली भिंतही फुटली, आत फुगली, तिचे ठोकळे तडकले. परंतु काही मिलिमीटर जाडीच्या त्या कातड्याने ते तुकडे, गोणीत माल धरावा तसे, धरून ठेवले.

येथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. हा लेप स्फोट अडवीत नाही आणि भिंत वाचवीतही नाही. भिंत गेलीच, ती पाडूनच टाकावी लागते. वाचतो तो भिंतीआडचा मनुष्य. लेप भिंतीच्या आतल्या अंगास देतात आणि त्याच्या कडा जमिनीवर व छतावर थोड्या वळवून घट्ट बसवितात, म्हणजे भिंत सुटली तरी कातडे सुटत नाही. पुढे कॅलिफोर्नियातील सॅन डिएगो येथील विद्यापीठात सिया नेमात-नासर व त्यांच्या सहकाऱ्यांनी पोलादी पत्र्यांवर प्रयोग केले. आघाताच्या उलट अंगास लेप दिला तर पत्रा अधिक टिकतो, आणि आघाताच्या बाजूसच दिला तर कधी कधी नुकसान वाढते, असे त्यांना आढळले. संरक्षणाची वस्तू चुकीच्या जागी लावली तर ती अपाय करते, ही गोष्ट केवळ पोलादालाच लागू आहे असे नाही.

आता हे द्रव्य आहे तरी काय? दोन पातळ पदार्थ असतात. एक आयसोसायनेट व दुसरे अमाइन. त्यांना सुमारे ७० अंशांपर्यंत तापवून, मोठ्या दाबाखाली, दोन निरनिराळ्या नळ्यांतून फवाऱ्यापर्यंत आणतात. कामगार या फवाऱ्यास ‘गन’ म्हणतात. गनच्या तोंडाशी ते दोन्ही एकमेकांत मिसळतात आणि भिंतीवर पडल्यानंतर काही सेकंदांतच घट्ट होतात. या जातीच्या रसायनाचा पाया ऑटो बायर या जर्मन शास्त्रज्ञाने १९३७ साली घातला. पॉलियुरियाचे फवारण्याजोगे लेप मात्र १९८० नंतरच्या दशकात अमेरिकेतील टेक्सॅको कंपनीच्या रसायनज्ञांनी तयार केले. त्याच्या रेणूंच्या लांब साखळ्यांत काही भाग मऊ व काही भाग कठीण असतो. हळू ओढले तर ते रबराप्रमाणे मूळ लांबीच्या तीन-चार पट ताणले जाते. अतिशय वेगाने आघात झाला तर तेच रबर क्षणभर काचेसारखे कठीण होऊ पाहते, आणि त्या स्थित्यंतरात आघाताची पुष्कळशी शक्ती गिळली जाते.

येथवर सर्व ठीक. परंतु रबर जळते, पॉलियुरियाही जळतो. कर्ब आणि नत्र ज्याच्या अंगी आहेत असे द्रव्य पेटले तर त्याच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोजन सायनाइड हे दोन्ही विषारी वायू असू शकतात. भिंतीच्या तुकड्यांपासून वाचविलेला मनुष्य त्याच खोलीत धुराने गुदमरून गेला, तर आपण काय साधले?

ही भीती काल्पनिक नाही. चांगल्या हेतूने चढविलेले कातडे घातक ठरल्याचे दाखले आपल्याच काळात आहेत. २० फेब्रुवारी २००३ रोजी अमेरिकेत ऱ्होड आयलंड राज्यातील वेस्ट वॉरविक येथे एका नाचगाण्याच्या क्लबात शोभेची दारू उडविली गेली. आवाज बाहेर जाऊन शेजाऱ्यांस त्रास होऊ नये म्हणून भिंतींना पॉलियुरेथेनचा फेस लावलेला होता. तो पेटला, पाच-सहा मिनिटांत ज्वाळा दाराबाहेर आल्या, आणि १०० माणसे मेली. १४ जून २०१७ रोजी लंडनमधील ग्रेनफेल टॉवर या चोवीस मजली इमारतीस आग लागून ७२ जण गेले. घरे उबदार राहावी व इमारत देखणी दिसावी म्हणून तिला बाहेरून जे आवरण दिले होते, त्याच्या ॲल्युमिनियमच्या पत्र्यांमध्ये पॉलिएथिलीनचा गाभा होता. आग त्या आवरणावरूनच चढत गेली. फवारलेला भरीव पॉलियुरिया त्या हलक्या फेसाइतका झटकन पेटत नाही, हे न्यायाने सांगितले पाहिजे. तरी दोन्ही ठिकाणी भिंतीला काही चढविणाऱ्यांनी एकाच गरजेचा विचार केला आणि दुसरी विसरले, एवढे खरे.

आणि स्फोट व आग ही तर जुळी भावंडे आहेत. मुंबईच्या जुन्या लोकांस १४ एप्रिल १९४४ हा दिवस सांगावा लागत नसे. व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजावर कापसाच्या गासड्या आणि सुमारे १,४०० टन स्फोटके एकत्र भरलेली होती. आधी कापूस पेटला, मग जहाज दोनदा उडाले, आणि जळता कापूस भोवतालच्या वस्तीवर पावसासारखा पडला. अग्निशमन दलाचे ६६ जवान तेथे कामी आले. म्हणून तो दिवस आजही देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. तेथे आग आधी व स्फोट मागून आला. पुष्कळदा याच्या उलट घडते. स्फोटाने विजेच्या तारा तुटतात, गॅसच्या नळ्या फुटतात, इंधन सांडते आणि मग आग लागते. ११ सप्टेंबर २००१ रोजी वॉशिंग्टनजवळील पेंटॅगॉन या इमारतीवर विमान आदळले, तो तिचा भाग नुकताच मजबूत केलेला होता. तेथे जाड काचा बसविल्या होत्या, पोलादी खांब दिले होते आणि तुकडे अडविणारे चिवट कापड भिंतीत घातले होते. माणसे तेथेही गेली, आणि आगही भयंकर होती. तथापि वरचे मजले काही वेळ उभे राहिले आणि मगच कोसळले. तेवढ्या अवधीत कितीतरी लोक बाहेर पडू शकले. या साऱ्या विद्येचे मर्म आम्हांस त्या अवधीत दिसते. ती अमरत्व देत नाही. ती मिनिटे मिळवून देते.

म्हणून ‘अग्निरोधक’ हा शब्द आपण जपून वापरावा. मुळीच न जळणारा लेप असा हा नव्हे. जळणे लांबविणारा लेप, एवढाच त्याचा अर्थ. ते लांबविण्याच्या युक्त्या मोठ्या विचारपूर्वक शोधलेल्या आहेत. ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड ही एक साधी पांढरी भुकटी आहे. ती लेपात मिसळली तर सुमारे २०० अंशांवर तिच्यातून, तिच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्शाइतके, पाणी वाफ होऊन बाहेर पडते व ज्वाळेची धग कमी करते. दुसरी युक्ती फुगणाऱ्या लेपांची. त्यांत अमोनियम पॉलिफॉस्फेटसारखी द्रव्ये असतात. उष्णता लागताच लेप भाकरीसारखा फुगतो आणि मूळ जाडीच्या कितीतरी पट जाड असा कोळशाचा सच्छिद्र थर आतल्या पदार्थाचे रक्षण करतो. तिसरी युक्ती ग्रॅफाइटची. त्याच्या पापुद्र्यांमध्ये आम्ल भरलेले असते आणि तापताच ते लाहीसारखे फुलते. ब्रोमीनयुक्त द्रव्येही एके काळी फार वापरात होती. परंतु त्यांतील काही निसर्गात नाश न पावता प्राण्यांच्या व माणसांच्या शरीरात साठत जातात असे आढळल्यामुळे स्टॉकहोम कराराखाली २००९ साली व पुन्हा २०१७ साली त्यांच्यावर बंदी आली.

वाचक म्हणतील, मग मिसळा ही भुकटी आणि सोडवा प्रश्न. खरी अडचण येथेच आहे. आग मंदावण्यासाठी भुकटी थोडीथोडकी पुरत नाही. कित्येक प्लास्टिकांत ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड निम्म्याहून अधिक वजनाचे घालावे लागते. आणि लेपात जितकी भुकटी अधिक, तितका त्याचा चिवटपणा कमी. कणकेत कोंडा फार झाला की पोळी लाटताना जशी फाटते, तसा हा लेप ताणताना फाटतो. आणि ताणले जाणे हाच तर त्याचा गुण. आगीपासून वाचवावे तर स्फोटात तुटतो, स्फोटासाठी चिवट करावा तर आगीत पेटतो. शिवाय भुकटीने गनची बारीक तोंडे झिजतात व तुंबतात, आणि ग्रॅफाइटचे पापुद्रे त्या तोंडातून जाताना मोडले तर पुढे नीट फुलत नाहीत. म्हणून संशोधक निरनिराळ्या वाटा चोखाळीत आहेत. कोणी फॉस्फरस भुकटीच्या रूपाने न घालता रेणूच्या साखळीतच गुंफतात. कोणी आत चिवट व वर फुगणारा असे दोन थर देतात. कोणी अतिसूक्ष्म चिकणमाती अगदी थोड्या प्रमाणात मिसळून पाहतात. आपल्याकडेही दिल्लीस अग्नी व स्फोटक सुरक्षेची आणि अंबरनाथ येथे नौदलाच्या पदार्थ संशोधनाची अशा सरकारी प्रयोगशाळा आहेत; आगीची, स्फोटांची व संरक्षक लेपांची शास्त्रे तेथे अभ्यासली जातात.

याहून सूक्ष्म असा एक प्रश्न त्या तरुणानेच आमच्यापुढे मांडला. आगीची परीक्षा नव्या, अखंड, गुळगुळीत नमुन्यावर घेतली जाते. पण खऱ्या संकटात आग येईल ती स्फोटानंतर. तोवर लेप ताणलेला, चिरलेला, कोठे भिंतीपासून सुटलेला असेल. त्या फाटक्या कातड्याने आग किती वेळ थोपवायची? दोन परीक्षा निरनिराळ्या उत्तीर्ण होणे वेगळे, आणि एकीचे घाव अंगावर घेऊन दुसरीस बसणे वेगळे. हे ऐकून आम्ही त्या मुलाकडे कौतुकाने पाहिले. त्याचे शिक्षण दहावीपर्यंतचे. परंतु आपल्या हातचे काम कोणासाठी आहे याचा विचार त्याने केलेला होता.

मात्र त्याच संभाषणात आम्हांस एका गोष्टीने चिंतेत टाकले. बोलता बोलता तो खोकत होता. आयसोसायनेटची वाफ व फवाऱ्याचे तुषार छातीत गेले तर दमा जडू शकतो. आणि एकदा शरीराने ते द्रव्य ओळखून वैर धरले की पुढे अगदी थोड्या मात्रेनेही झटका येतो. २ व ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री भोपाळवर जो वायू पसरला तो मिथाइल आयसोसायनेट होता. लेपात वापरतात ती द्रव्ये त्याच कुळातील असली तरी त्याच्यासारखी चटकन उडून जाणारी नव्हेत, हे खरे. पण ती तापवून फवारली जातात तेव्हा काळजी घ्यावीच लागते. बाहेरून स्वच्छ हवा आणणारा मुखवटा, अंगभर कपडा, हातमोजे, एवढे या कामात हवेच. आखातातील उन्हात तो मुखवटा काढून टाकण्याचा मोह किती होत असेल, हे समजण्यास रसायनशास्त्र नको. आम्ही त्यास दोन गोष्टी बजावल्या. मुखवटा काढायचा नाही, मुकादम घाई करो वा न करो. आणि वैद्याकडे जाऊन नुसते “खोकला आहे” असे म्हणायचे नाही. कोणते द्रव्य फवारतो ते नावासह सांगायचे. ज्या घरांतील मुले रंगाच्या, फेसाच्या वा लेपाच्या कामावर आहेत, त्यांच्या आईबापांनीही हे पत्रातून वा फोनवरून मुलांना सांगावे. भिंतीआडच्या अनोळखी माणसाची फुप्फुसे मोलाची आहेत, तशी भिंतीपुढे उभ्या असलेल्या आपल्या मुलाचीही आहेत.

त्या माउलीस आम्ही उत्तर दिले ते असे : “मावशी, तुमचा मुलगा बाँब करीत नाही. दुसऱ्याने केलेल्या बाँबपासून लोक वाचावेत म्हणून तो भिंतींना कातडे चढवितो. तो पैसा घामाचा आहे. खुशाल घरात घ्या. पण त्याच्या पत्रात पैशाबरोबर प्रकृतीचेही विचारीत जा.” ती काही वेळ स्तब्ध राहिली. मग म्हणाली, “मग हे आपल्याकडे का लावीत नाहीत, फादर?”

या प्रश्नाचे उत्तर देणे आम्हांस तितके सोपे गेले नाही. हा लेप महाग आहे. तो वकिलातींना, लष्करी कचेऱ्यांना, तेलाच्या कारखान्यांना लाभतो. बाजारातील दुकानांना नाही. १२ सप्टेंबर २०१५ रोजी मध्य प्रदेशातील झाबुआ जिल्ह्यात पेटलावद येथे वस्तीतच साठवून ठेवलेल्या सुरुंगाच्या स्फोटकांचा भडका उडाला. पाऊणशेहून अधिक माणसे गेली. त्या चौकातील कोणत्या भिंतीला कोण लेप देणार होते? तेथे लेपाची गरजही नव्हती. स्फोटके वस्तीबाहेर, नियमाने सांगितलेल्या अंतरावर ठेवली असती तर पुरे होते. शास्त्रज्ञही हेच सांगतात. स्फोटाचा दाब अंतराबरोबर झपाट्याने कमी होतो, म्हणून अंतर हे पहिले संरक्षण, भिंत दुसरे आणि लेप तिसरे. गरिबाला तिसरे परवडत नसेल, तर पहिले तरी त्यास मिळालेच पाहिजे. आणि ते मिळवून देणे हे रसायनज्ञाचे काम नव्हे, ते ग्रामपंचायतीचे, अधिकाऱ्यांचे व आपल्या सर्वांचे आहे.

तेव्हा वाचकहो, आपल्या गावात विहिरी व खाणींसाठी लागणारी सुरुंगाची दारू कोणी घराच्या माडीवर वा दुकानाच्या मागे ठेवीत असेल, तर भिडेखातर गप्प बसू नका. सणाच्या दारूकामाची पेटी सभागृहाच्या खोलीत ठेवू नका. मंडप सजविताना थर्मोकोल व फेसाच्या पट्ट्या मेणबत्तीजवळ बांधू नका, आणि कार्यक्रम चालू असता मागच्या दाराला कुलूप लावू नका. कोठे आग दिसली तर मुलांना खिडकीच्या काचेशी उभे राहून पाहू देऊ नका. आमच्या धर्मग्रामाच्या सभागृहाचे मागचे दार गेली कित्येक वर्षे बाकांच्या ढिगाने अडलेले होते. ते बाक आता हलविले आहेत, आणि येत्या सणापूर्वी ते दार बाहेरच्या बाजूस उघडेल असे करून घेण्यासाठी सुतारास बोलावले आहे.